घरच्या सर्व्हरची हार्ड डिस्क झोपत नसेल तर काय करावे

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कूलरची हवा न पोहोचणाऱ्या खोलीत ठेवलेला सर्व्हर दुपारभर तापतो आणि कोणी वापरत नसतानाही त्यातील डिस्क फिरत राहिल्या, तर त्या उष्णतेत भरच पडते. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत असताना साधारण चार ते सहा वॅट वीज घेते, तर झोपल्यावर, म्हणजे फिरणे थांबल्यावर, हा आकडा एक वॅटच्या आसपास येतो. वीज गेल्यावर सर्व्हर इन्व्हर्टरवर चालत असेल, तर हा फरक लगेच जाणवतो. पुढील पद्धत लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरसाठी आहे.

वेळेचे सेटिंग पुन्हा पुन्हा बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे ठरवावे. त्यासाठी एचडीपार्म या कमांडला लहान वाय हा पर्याय देऊन डिस्क हाताने झोपवावी. सर्व्हरच्या पेटीवर तळहात ठेवल्यास फिरण्याची बारीक थरथर थांबल्याचे स्पष्ट कळते. मग कॅपिटल सी हा पर्याय देऊन स्थिती विचारावी; उत्तर ‘स्टँडबाय’ असे आले पाहिजे. अर्ध्या तासानंतरही तेच उत्तर मिळाले, तर डिस्कला कोणी उठवत नाही, फक्त आपोआप झोपण्याची वेळ ठरवलेली नाही, असे समजावे.

ती वेळ कॅपिटल एस या पर्यायाने ठरते. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण त्यापुढील आकडा मिनिटांचा नसतो. १ ते २४० पर्यंतचा प्रत्येक अंक पाच सेकंदांचा असतो, म्हणजे १२० म्हणजे दहा मिनिटे आणि २४० म्हणजे वीस मिनिटे. २४१ पासून मात्र अर्ध्या-अर्ध्या तासाची पायरी सुरू होते. वीस मिनिटांपेक्षा कमी वेळ ठेवू नये, असे माझे मत आहे, कारण वारंवार थांबून पुन्हा सुरू होण्याने डिस्कची झीज होते. यूएसबी पेटीतील काही डिस्क ही सूचना जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी एचडी-आयडल हा छोटा प्रोग्राम वापरावा.

झोपवलेली डिस्क काही मिनिटांतच जागी झाली, तर खरे शोधकाम सुरू होते. प्रॉक फोल्डरमधील डिस्कस्टॅट्स या फाइलमध्ये प्रत्येक डिस्कवर किती वेळा वाचन व लेखन झाले, याची मोजणी असते, आणि ही फाइल वाचल्याने डिस्क जागी होत नाही. दोन्ही आकडे वहीत टिपून ठेवावेत, सर्व्हरची लॅन केबल अर्धा तास काढून ठेवावी आणि नंतर पुन्हा पाहावे. आकडे स्थिर राहिले, तर घरातील एखादा संगणक किंवा टीव्ही सर्व्हरमधील फोल्डर सतत चाळत असावा. केबल नसतानाही ते वाढले, तर कारण सर्व्हरच्या आतच आहे आणि फॅट्रेस हा प्रोग्राम चालवून कोणती प्रक्रिया कोणत्या फाइलला हात लावते, हे पाहावे.

प्रतापनगरच्या आमच्या घरी असा शोध घेतला, तेव्हा फोटोंची अनुक्रमणिका ठेवणाऱ्या ॲपचा डेटाबेस मोठ्या डिस्कवर असल्याचे आढळले. दर काही मिनिटांनी तो दोन-चार ओळी लिहीत होता. डेटाबेस, लॉग (नोंदींच्या फाइली) आणि कंटेनरच्या (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या ॲपच्या) फाइली एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कवर, हलवणे हाच यावरचा टिकाऊ उपाय आहे. फाइल वाचल्याची वेळ डिस्कवर नोंदवू नये, या नोॲटाइम सेटिंगचा सल्लाही सर्रास दिला जातो, परंतु हल्लीच्या लिनक्समध्ये ही नोंद क्वचितच करणारे रिलेटाइम आधीच चालू असल्याने त्याचा फायदा थोडाच होतो. मोठी डिस्क नुकतीच ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-रचनेत फॉरमॅट केली असेल, तर मागे राहिलेले प्रारंभिक लेखन काही तास चालते, तेवढे थांबावे.

आकडे हलत नाहीत, तरीही डिस्क जागी होते, अशा वेळी तिचे तापमान व प्रकृती तपासणाऱ्या स्मार्टडीवर संशय घ्यावा. त्याच्या सेटिंगमध्ये लहान एन पर्यायापुढे ‘स्टँडबाय’ लिहिल्यास तो झोपलेल्या डिस्कला उठवत नाही. बदल केल्यावर रात्री आकडे टिपून झोपावे आणि सकाळी कोणी मोबाइलवर फोटो उघडण्याआधी पुन्हा पाहावेत.