रिकामा सर्व्हर, सोलापूरचा मे आणि तापमानाचे आकडे

मार्च संपत आला की ओळखीतल्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, सर्व्हर काहीच काम करेना, तरी प्रोसेसर ५२ अंश दाखवायलंय. चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट बदलू का?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: खोलीत किती आहे? ते बहुतेकांनी बघितलेलंच नसतं.

जुना डेस्कटॉप किंवा मिनी पीसी घेऊन घरी लिनक्स शिकताय, पुढेमागे सिस्टीम अ‍ॅडमिनच्या नोकरीचा विचार आहे, तर सुरुवात इथून करा. पंखा आणि हीटसिंक (चिपवर बसवलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा) दोघं मिळून चिपमधली उष्णता खोलीच्या हवेत सोडतात, बाकी काही नाही. म्हणजे हवेपेक्षा थंड प्रोसेसर होणारच नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या पुढे सहज जातो. वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापलेली खोली दुपारी ३८ वर असेल, तर ५२ म्हणजे हवेपेक्षा फक्त १४ अंश जास्त. तेच मशीन जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, २२ अंशांच्या खोलीत ३६ च्या आसपास दाखवेल. मशीन तेच, फरकही तोच. एसीत बसलेल्या कुणाचा तरी ३० चा आकडा वाचून घाबरण्यात काही अर्थ नाही. स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर आणा आणि कॅबिनेट जिथून हवा ओढतं तिथं ठेवा. भिंतीवर टांगून उपयोग नाही, कारण टीव्हीच्या कपाटात कोंबलेला सर्व्हर खोलीची नाही, कपाटातली हवा पितो.

आता सेन्सर. लिनक्सवर तापमान वाचणारं एलएम-सेन्सर्स हे पॅकेज टाकलं, सेन्सर्स-डिटेक्ट चालवलं, की सेन्सर्स ही कमांड ढीगभर आकडे ओतते. इंटेलच्या मशीनवर 'कोअरटेम्प'खाली पॅकेजची, म्हणजे अख्ख्या चिपची, एक ओळ आणि तिच्यातल्या एकेका कोअरच्या ओळी येतात. कंसात 'हाय ८०, क्रिट १००' असं काहीतरी लिहिलेलं असतं. नवखा माणूस हमखास समजतो की मशीन कधीतरी ८० पर्यंत गेलं होतं. तसं नाही. त्या मर्यादा आहेत, नोंदी नाहीत.

शेजारी 'एसीपीआय-टीझेड' नावाची ओळ २७.८ दाखवत असेल, आणि लोड (कामाचा भार) टाकला तरी २७.८ च राहत असेल, तर ती सोडून द्या. बऱ्याच बोर्डांवर तो फर्मवेअरने, म्हणजे बोर्डातच भरलेल्या सॉफ्टवेअरने, दिलेला ठरीव आकडा असतो. मदरबोर्डवरच्या देखरेख चिपच्या काही पिनांना सेन्सरच जोडलेला नसतो, तिथं उणे १२८ किंवा १२७ असलं काहीतरी येतं. त्यावरून मशीन जळतंय असं ठरवू नका. एएमडीची गंमत वेगळी. रायझन १८००एक्स आणि १७००एक्स या प्रोसेसरांचा 'टी-सीटीएल' हा तापमानाचा आकडा खऱ्यापेक्षा २० अंश वाढवून दिला जायचा, पंख्याचं धोरण सगळ्या मॉडेल्सना एकच राहावं म्हणून. कंपनीने २०१७ मध्ये तसा खुलासाही केला होता. सेकंडहँड रायझन घेतला असेल तर हे आधी तपासा.

इंटेलचा सेन्सर मुळात तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश लांब आहोत एवढं सांगतो, आणि ड्रायव्हर वजाबाकी करून आकडा छापतो. मर्यादेजवळ तो नेमका असतो, कारण तिथंच त्याचं काम आहे. खाली ३५-४० ला मात्र तो बराच सैल असतो. म्हणून दोन कोअरमध्ये ४ अंशांचा फरक दिसला तर त्यावर रात्र घालवू नका.

'रिकामा' हा शब्दही तपासून घ्या. घरचा सर्व्हर क्वचितच रिकामा असतो: फोटोंची अनुक्रमणिका बनत असते, बॅकअप चालू असतो, एखादा कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारा प्रोग्रॅम) पुन्हापुन्हा पडून उठत असतो. काय काय चालू आहे ते दाखवणारं एचटॉप उघडून बघा. शिवाय तुम्ही लॉगिन करून बघता तेव्हाच प्रोसेसर झोपेतून उठतो आणि आकडा उसळतो. दर मिनिटाला नोंद करणारी छोटी स्क्रिप्ट लावा, बाजूला व्हा, मग फाइल वाचा. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) दिसणारं तापमान जास्त असतं, कारण तिथं प्रोसेसर खोल झोपेच्या अवस्थांमध्ये सहसा जातच नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. रिकाम्या तापमानावरून कूलरची तब्येत कळत नाही. समजा चिपपासून हवेपर्यंतच्या वाटेत दर वॅटला अर्धा अंश चढतो. रिकामा प्रोसेसर ५ वॅट खात असेल तर अडीच अंश. वाळलेल्या पेस्टमुळे ती वाट दुप्पट बिकट झाली तर ५ अंश. कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ६५ वॅटच्या लोडला तेच साडेबत्तीसवरून ६५ होतात, आणि ३८ च्या खोलीत तुम्ही १०३ चा हिशोब करत बसता. मर्यादा १०० ची असेल तर चिप १०३ ला पोचायच्या आधीच वेग कमी करते. म्हणून प्रोसेसरवर मुद्दाम लोड टाकणारं स्ट्रेस-एनजी दहा मिनिटं चालवा, तापमानासोबत फ्रीक्वेन्सी, म्हणजे प्रोसेसरचा वेगही नोंदवा. तापमान वर जाऊन एका ठिकाणी थांबलं आणि वेग टिकला, तर पेस्टला हात लावू नका.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत राहणाऱ्यांसाठी मुद्दाम: यंत्रमागाचा सुती तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसतो आणि पंख्याच्या बाजूला चादर पांघरल्यासारखा थर तयार होतो. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो, थर त्याच्या मागे असतो. पंखा काढून मऊ ब्रशने साफ करा. ब्लोअर मारायचा तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जाईल.

उन्हाळ्यात काळजी करायचीच असेल तर हार्ड डिस्कची करा. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करून वाचतो, डिस्ककडे तसली सोय नाही. साध्या डेस्कटॉप डिस्कची चालू मर्यादा बहुधा ६० अंश असते, पण मी ४५ ओलांडलं की पंखा हलवतो. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल या कमांडने आकडा मिळतो. लिनक्स कर्नल ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, 'ड्राइव्हटेम्प' मॉड्यूल लोड केलं की तो सेन्सर्सच्या यादीतच दिसतो.

पुण्यात मुलाखतीला गेलात आणि 'सर्व्हर गरम आहे, काय कराल?' असं विचारलं, तर आधी विचारा: कोणता सेन्सर, आत येणारी हवा किती, लोड किती. डेटा सेंटरमध्ये मशीनच्या तोंडाशी येणाऱ्या हवेला वेगळा सेन्सर असतो, आणि वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची, म्हणजे अ‍ॅश्रेची शिफारस तिथं १८ ते २७ अंशांची आहे. घरातला तुमचा थर्मामीटर म्हणजे तोच सेन्सर, फक्त आपल्याकडे तो ३८ दाखवतो.

अलर्ट लावताना दोन गोष्टी. मर्यादा रिकाम्या आकड्यावर ठेवू नका, नाहीतर एप्रिलपासून रोज दुपारी फोन वाजेल. लोडखाली जे कमाल येतं त्याच्या थोडी वर ठेवा. आणि लिनक्स प्रत्येक सेन्सरला 'एचडब्ल्यूमॉन' नावाचा क्रमांकाचा फोल्डर देतं, पण स्क्रिप्टमध्ये 'एचडब्ल्यूमॉन २' असा क्रमांक लिहू नका. रीबूटनंतर हे क्रमांक बदलू शकतात, आणि मग तुम्ही प्रोसेसर समजून डिस्कचं तापमान बघत राहाल. त्याच फोल्डरमधली 'नेम' फाइल वाचून सेन्सर नावाने शोधा.