आवाजाचं बटण दाबलं की भलतंच होतं? आधी ते कोण अडवतंय ते शोधा

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसचं काम घरून करणाऱ्यांना ही अडचण नेमकी मीटिंगच्या वेळी गाठते. आवाज वाढवायला बटण दाबावं तर खिडकी बदलते, स्क्रीन उलटी होते, नाहीतर काहीच होत नाही. मग बरेचजण ऑडिओ ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतात. त्याआधी टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा आणि पट्टी माउसने सरकवून पाहा. आवाज कमी-जास्त झाला तर ड्रायव्हरला हात लावू नका, गडबड बटणाची आहे.

लॅपटॉप असेल तर पहिला संशय एफएनवर (कीबोर्डच्या खालच्या ओळीतलं Fn बटण) घ्या. एफएन धरून दाबल्यावर आवाज बदलत असेल, तर वरच्या ओळीची बटणं एफ१ ते एफ१२ म्हणून चालताहेत. अनेक लॅपटॉपवर एफएन + एस्केप दाबलं की हे बदलतं. नाही बदललं तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज) पाहा: एचपीत 'अ‍ॅक्शन कीज मोड', लेनोव्होत 'हॉटकी मोड'. मॅकवरही हाच प्रकार होतो. तिथे एफ११ने आवाज कमी होण्याऐवजी डेस्कटॉप दिसू लागला, तर कीबोर्ड सेटिंग्जमधला एफ-बटणं साधी वापरण्याचा पर्याय बंद करा.

खरा गुंता तुम्ही स्वतः ठरवलेल्या शॉर्टकटचा. विंडोजमध्ये सगळीकडे चालणारा शॉर्टकट हवा असेल तर प्रोग्राम तो विंडोजकडे नोंदवतो. जो आधी नोंदवेल त्याला तो मिळतो. नंतर येणाऱ्याला १४०९ क्रमांकाची एरर मिळते आणि कित्येक प्रोग्राम ती तुम्हाला दाखवतही नाहीत. म्हणून काल चाललेला शॉर्टकट आज रीस्टार्टनंतर चालत नाही: चालू होताना दुसरा कोणी पुढे गेलेला असतो. काही प्रोग्राम तर नोंदणीच करत नाहीत, थेट कीबोर्डवर हूक लावून, म्हणजे प्रत्येक बटणावर नजर ठेवून, ते मधल्या मध्ये पकडतात.

शॉर्टकट कोणाकडे आहे याची यादी विंडोज देत नाही, त्यामुळे अर्धे-अर्धे करत शोधावं लागतं. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपच्या यादीतले निम्मे प्रोग्राम डिसेबल करा, रीस्टार्ट करा, शॉर्टकट दाबून पाहा. अडचण गेली तर दोषी त्या निम्म्यात आहे, नाही गेली तर उरलेल्यांत. सोळा प्रोग्राम असले तरी चार रीस्टार्टमध्ये एकावर येता. ग्राफिक्स ड्रायव्हर, स्क्रीन रेकॉर्डर, हेडफोन किंवा माउसचं सॉफ्टवेअर यांच्यापासून सुरुवात करा. जुन्या इंटेल ड्रायव्हरमध्ये कंट्रोल + ऑल्ट + बाणाने स्क्रीन फिरते. ते इंटेलच्या पॅनेलमध्ये हॉटकीज बंद करून थांबतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या हॉटकीज यादीत 'ग्लोबल'चा वेगळा रकाना असतो, तोही तपासा. डेस्कटॉपवरच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की' भरलेली असेल तर तिचाही हक्क लागतो, आणि ही जागा हमखास बघायची राहून जाते.

नवा शॉर्टकट निवडताना मराठीत टाइप करणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. विंडोज उजवं ऑल्ट आणि कंट्रोल + ऑल्ट एकच मानतं, असं अनेक कीबोर्ड लेआउटमध्ये होतं. इंग्रजी (इंडिया) लेआउटवर कंट्रोल + ऑल्ट + ४ ने ₹ उमटतो. ती जोडी आवाजाला दिलीत तर रुपयाचं चिन्ह गेलं. नंबर पॅडवरच्या वजाबरोबर कंट्रोल + ऑल्ट घेतलं तर वर्डमधली लांब रेघ जाते. कंट्रोल + ऑल्ट + पेज अप आणि पेज डाउन ही जोडी त्यातल्या त्यात मोकळी. वर्डमध्ये तिने कर्सर दिसणाऱ्या पानाच्या वर-खाली जातो, पण ते फारसं कोणी वापरत नाही.

ती बसवायला पॉवरटॉइज हे मायक्रोसॉफ्टचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये 'रीमॅप अ शॉर्टकट' उघडा, मूळ शॉर्टकट म्हणून ही जोडी द्या, बदल्यात 'व्हॉल्यूम अप' किंवा 'व्हॉल्यूम डाउन' निवडा. पॉवरटॉइज मागे चालू नसेल तर हे चालणार नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीतही चालत नाही, तिथे पॉवरटॉइजही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवावं लागतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही टाकायची परवानगी नसेल, तर विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत विंडोज + कंट्रोल + व्ही दाबा. आवाजाचा पॅनेल उघडतो.

घरून ऑफिसचं मशीन चालवायचं रिमोट डेस्कटॉप फुल स्क्रीन असताना बटणं ऑफिसच्या मशीनकडे जाऊ शकतात. आवाजाचा आकडा तिकडे बदलतो आणि तुमचा स्पीकर होता तसाच राहतो. कनेक्ट करण्याआधी 'शो ऑप्शन्स', मग 'लोकल रिसोर्सेस'मध्ये कीबोर्डखाली 'ऑन धिस कॉम्प्युटर' निवडा. मात्र त्यानंतर ऑल्ट + टॅबही तुमच्याच लॅपटॉपवरच्या खिडक्या बदलेल. तिकडच्या खिडक्यांसाठी ऑल्ट + पेज अप वापरा.