सोलर कारंजं मधेच बंद पडायचं, शेवटी असं सुटलं

पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्यात तरंगणारं सोलर कारंजं ठेवलंय, छान चालायचं पण दुपारनंतर धार एकदम बारीक व्हायची आणि मग बंदच. पंप गेला असं वाटलं होतं पण तसं नव्हतं, झाडाची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर यायची आणि तेवढ्यानेही पॉवर खूप पडते, कारण सेल एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात. भांडं उन्हात सरकवलं, लगेच फरक. तरी धार वाकडीच, मग पंपाचं खालचं झाकण काढून पाहिलं तर आतल्या छोट्या पंख्याला शेवाळ आणि पिसाचे तंतू गुंडाळलेले, जुन्या टूथब्रशने साफ केलं, नोझलमधला क्षार व्हिनेगरमध्ये भिजवून काढला आणि साध्या पाण्याने नीट धुतलं.

अजून एक, कारंजं तरंगत कडेला गेलं की पाणी बाहेर उडतं आणि पंप कोरडा चालून जळू शकतो, म्हणून चारी बाजूंनी दगड लावलेत, पक्षी त्यावरच बसतात. नवीन घेणार असाल तर वायरवाला वेगळा पॅनल घ्या खरंच, भांडं सावलीत आणि पॅनल उन्हात ठेवता येतो.