पाय मोडलेल्या अक्षरांपासून इंग्रजी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावांत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवताना मला 19 वर्षं झाली. आमची मुलं घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि सोबत इंग्रजीही असतंच. जूनमध्ये आईवडील विचारतात, "टीचर, भुरग्याक इंग्लीश वाचूंक केन्ना येतलें?" म्हणजे मुलाला इंग्रजी वाचता कधी येणार? त्यांना मी पहिली विनंती करते ती ही, की घरी एबीसीडी घोकून घेऊ नका.

मराठीत 'क'चं नाव क आणि आवाजही क. इंग्रजीतही तसंच असणार असं मूल धरून चालतं. मग 'बी, ए, टी' पाठ असलेलं मूल 'बॅट' वाचताना 'बीएटी' म्हणतं आणि अडतं. त्याला अक्षरांची नावं मिळाली, आवाज मिळालेच नाहीत.

म्हणून सुरुवात सहा अक्षरांच्या आवाजांनी करा: एस, ए, टी, पी, आय, एन. फळ्यावर प्रत्येकाखाली आवाज लिहा: स्, ॲ, ट्, प्, इ, न्. पाय मोडायला विसरू नका, सगळी मेख तिथेच आहे. आपल्या व्यंजनात अ मुरलेला असतो. मूल पूर्ण 'स' म्हणालं की शब्द बिघडतो. एक मुलगी रोज 'स-ॲ-ट' म्हणून 'सॅटा' वाचायची. तिच्यासमोर मी तीन चिंचोके ठेवले. एकेक चिंचोका पुढे सरकवत 'स्', 'ॲ', 'ट्' म्हणायचं आणि शेवटी तिन्ही एकमेकांना टेकवायचे. पहिल्या दोन वेळा पुन्हा 'सॅटा'. तिसऱ्या वेळी चिंचोके टेकले आणि ती ओरडलीच, "सॅट!" मग टॅप, पिन, टिन, नॅप, अँट तिने स्वतःच जुळवले. या सहा अक्षरांना तीन आठवडे द्या. पुढची अक्षरं भराभर येतात. नावं शिकवायची ती त्यानंतर.

बोलणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं, तेही वहीशिवाय. आधी हुकूम: सिट, स्टँड, ओपन द डोअर. मुलाने बोलायची घाई नाही, ऐकून केलं तरी पुष्कळ. महिनाभराने आम्ही बाजार मांडतो. कागदाचे मासे, एक मूल विकणारं, बाकीची गिऱ्हाईकं. "गिव्ह मी टू बांगडे" म्हटलं तरी मला चालतं. वाक्याची चौकट बसली, मॅकरेल नंतर येईल. कोणी "आय बांगडे वाँट" म्हणालं तर मध्ये तोडू नका. ते मराठीच्याच क्रमाने बोलतंय. आपण हसून "यू वाँट बांगडे? हिअर!" म्हणायचं. योग्य क्रम असाच कानावर पडत राहू द्या.

'व्हॅन' आणि 'वेट' यांतला फरक आरशात दाखवा: पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात.

गोव्यात आणखी एक जपायला हवं. मूल वाचू लागलं की कदंबाच्या, म्हणजे इथल्या सरकारी बसवरची गावाच्या नावाची पाटी वाचतं आणि गोंधळतं. डिचोलीच्या शेवटी एम दिसतो, केपेची सुरुवात क्यूने होते, शेल्ड्याच्या सुरुवातीला एक्स. ही स्पेलिंगं पोर्तुगीज वळणाची आहेत, इंग्रजीच्या नियमांनी ती सुटत नाहीत. पहिल्या वर्षी पाट्या वाचायला लावू नका. मुलाने विचारलंच, तर त्याने बरोबर हेरलं म्हणून शाबासकी द्या आणि ही अक्षरं पोर्तुगिजांच्या पद्धतीची आहेत, असं सांगा.

दुसरीत 'नाईफ'मधल्या मुक्या के-वरून असाच प्रश्न येतो. तोही सांगून टाकते: फार पूर्वी इंग्रज तो के उच्चारायचे, पुढे जिभेवरून गेला, लिहिण्यात राहिला. मग वर्ग दिवसभर हौसेने 'क्नाईफ, क्नाईफ' करत असतो, आणि ते स्पेलिंग पुन्हा कोणी चुकत नाही.