घरच्या ईव्ही चार्जरचे अनुदान आणि जोडणी: कामाचा योग्य क्रम

घरी इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवताना बहुतेकांचा क्रम उलटा होतो: आधी चार्जर येतो, मग वायरमन, आणि अनुदानाची आठवण सगळ्यात शेवटी होते. योजना जागोजागी वेगळ्या असल्या, तरी पुष्कळ योजनांत मंजुरीपूर्वी केलेला खर्च धरला जात नाही, चार्जर मान्य यादीतला असावा लागतो आणि जोडणी परवानाधारकानेच केलेली असावी लागते. त्यामुळे मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत आगाऊ रक्कमही देऊ नये. भाड्याच्या घरात घरमालकाची आणि सामायिक वाहनतळ असल्यास संस्थेची लेखी परवानगी याच टप्प्यावर घ्यावी. काम सुरू होण्यापूर्वी रिकाम्या भिंतीचे आणि जुन्या बोर्डाचे फोटो काढून ठेवावेत, कारण ते नंतर मिळवता येत नाहीत.

त्यानंतर घराचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेण्यास वीज कंपनीने मंजुरी दिली आहे, ते पाहावे. २३० व्होल्टवर ३२ अँपिअर घेणारा चार्जर सुमारे ७.४ किलोवॅट खेचतो, आणि तोही सलग कित्येक तास. भार पुरत नसेल तर तो वाढवून घ्यावा किंवा १६ अँपिअरचा, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅटचा चार्जर निवडावा. गाडी रात्री दहा तास उभी राहत असेल तर तेवढ्या वेळात ३५ युनिटांहून अधिक वीज घेता येते, आणि माझ्या मते रोजच्या ये-जा करण्यासाठी ती भरपूर होते.

खरी काळजी घ्यायची ती संरक्षणाची. आयईसी ६०३६४ या विद्युत जोडणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ७२२व्या भागानुसार चार्जरला मेन बोर्डापासून स्वतंत्र सर्किट आणि ३० मिलिअँपिअरचे स्वतःचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच) लागते. गाडीची बॅटरी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, असल्याने बिघाडात डीसी प्रवाहाची गळती होऊ शकते. ती ६ मिलिअँपिअरच्या वर गेली की साध्या 'ए' प्रकारच्या आरसीसीबीचा चुंबकीय गाभा संपृक्त होऊन (म्हणजे गळती ओळखेनासा होऊन) ते वेळेवर ट्रिप होईलच, म्हणजे पुरवठा तोडेलच, असे राहत नाही. म्हणून एक तर 'बी' प्रकारचे आरसीसीबी घ्यावे, नाहीतर डीसी गळती ओळखणारी सोय चार्जरमध्येच आहे असे लेखी घ्यावे. पुरवठ्यात न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेतून येत असतील, तर ती तार रस्त्यावर तुटल्यास गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते आणि ओल्या जमिनीवर उभे राहून दाराला हात लावणाऱ्याला धक्का बसू शकतो. यावर कोणता उपाय केला आहे, हे वायरमनला स्पष्ट विचारावे.

काम झाल्यावर आरसीसीबीचे टेस्ट बटण आपल्यासमोर दाबून घ्यावे आणि तासभर गाडी चार्ज करून एमसीबीच्या (प्रवाह जास्त झाल्यास सर्किट तोडणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलजवळ जळका वास येत नाही ना, हे पाहावे. अर्थिंगचा रोध आणि आरसीसीबी ट्रिप होण्याचा वेळ यांचे मोजलेले आकडे असलेला चाचणी अहवाल सहीनिशी मागून घ्यावा, कारण अनुदानाच्या दाव्यासोबत जोडणीचा पुरावा द्यावा लागतो. चार्जरवरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक तंतोतंत जुळतो का, हे वायरमन दारात असतानाच तपासावे.