पावसाळ्यात कोंबड्यांच्या खाद्यात हळद, लसूण आणि ओवा

ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड, अंबरनाथ या तालुक्यांत मृगाच्या सरी सुरू झाल्या की शेडमधली तुसाची गादी दमट होते आणि ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांत रक्ती हगवण दिसू लागते. आतड्यांत वाढणाऱ्या या रोगाच्या परजीवीची विष्ठेतून पडणारी बीजांडे ऊब आणि ओल मिळताच एक-दोन दिवसांत बाधक होतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. त्यामुळे आतड्यांची काळजी पाऊस लागण्यापूर्वीच घ्यायला हवी. वनस्पतींतील घटकांचा खरा उपयोग याच टप्प्यावर होतो. विष्ठेत रक्त दिसल्यावर हळदीच्या भरवशावर दोन दिवस थांबणे म्हणजे पिल्ले गमावणे होय.

सुरुवात हळदीपासून करावी. अर्धा टक्का, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५० ग्रॅम पूड पुरते. तिच्यातील कुरकुमीन रक्तात फारसे शोषले जात नाही, परंतु आतड्याच्या अस्तराची जळजळ कमी करण्यास मदत करते. हळकुंडे आणून स्वतः दळावीत, कारण रंग उठून दिसावा म्हणून पुडीत शिसेयुक्त रंग मिसळण्याचे प्रकार होतात आणि ते शिसे पक्ष्यांच्या शरीरात, तेथून अंड्यांतही उतरते.

लसणाच्या अखंड पाकळीत ॲलिसिन (जंतूंना रोखणारा घटक) नसते. पाकळी ठेचल्यावरच ते तयार होते, आणि आधी शिजवली तर होत नाही. म्हणून लसूण कच्चाच ठेचावा, दहा मिनिटे ठेवावा आणि दुपारपर्यंत संपेल एवढ्याच खाद्यात कालवावा. आपल्याकडच्या दमट हवेत ओलसर खाद्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांना प्रमाण कमीच ठेवावे, अन्यथा अंड्यांना वास येतो.

ओव्यातील थायमॉल (त्याला वास देणारा, जंतूंना रोखणारा घटक) उडून जाणारे आहे. ज्या ओव्याला वास उरला नाही, त्याचा उपयोगही उरला नाही, असे समजावे. हवा तेवढाच ताजा दळून घ्यावा. सावलीत वाळवलेला शेवग्याचा पाला प्रथिनांसाठी चांगला असून तो ५ टक्क्यांपर्यंत चालतो. कडुलिंबाचा मात्र आग्रह धरू नये, कारण कडवटपणामुळे पक्षी कमी खातात आणि ब्रॉयलरचे वजन मागे पडते.

कोणतीही पूड थेट गोणीत ओतू नये. आधी किलोभर खाद्यात नीट मिसळून मग ते सर्व खाद्यात फिरवावे. एकाच वेळी चार वस्तू घातल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही. शक्य असल्यास शेडमध्ये जाळी लावून निम्म्या पक्ष्यांना नेहमीचे खाद्य द्यावे आणि दर आठवड्याला दोन्हीकडचे वजन व खाद्याचा खप लिहून ठेवावा. करारावर पक्षी पाळणाऱ्यांनी कंपनीच्या सुपरवायझरला विचारल्याशिवाय खाद्यात काहीही घालू नये.

युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यास मनाई केली आणि भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी आणली. वनस्पतिजन्य घटकांकडे वळण्याचे हे मोठे कारण आहे. मात्र ते लसीकरणाची जागा घेत नाहीत, बुरशी लागलेला मकाही सुधारत नाहीत. मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही, तेव्हा असा मका टाकूनच द्यावा.

अचानक अनेक पक्षी मेले तर घरगुती उपाय करत बसू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला होता. मेलेले पक्षी ओढ्यात न टाकता त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.