‘नेट गेलंय’ म्हणजे नक्की कुठे गेलंय? लिनक्स सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी एक छोटी स्क्रिप्ट

आमच्या टीममध्ये लिनक्स सपोर्टला फ्रेशर आले की पहिल्या आठवड्यात मी त्यांना एक काम देते: इंटरनेट चालू आहे की बंद, हे सांगणारी शेल स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांड ओळीने चालवणारी फाइल) लिहा. लातूरहून डिप्लोमा करून आलेला मुलगा असो की पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजची मुलगी, बहुतेकांचं उत्तर सारखंच येतं. गूगल डॉट कॉमला पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का हे पाहणारी कमांड), त्याभोवती एक इफ, उत्तर आलं तर ‘चालू’, नाही आलं तर ‘बंद’. स्क्रिप्ट चालतेही. मग मी विचारते, ‘बंद’ छापलं, तर आता फोन कोणाला लावायचा? राउटरवाल्याला, प्रोव्हायडरला की आपल्याच नेटवर्क टीमला? इथे शांतता पसरते.

कारण त्या एका ओळीत चार प्रश्न एकत्र कोंबलेले असतात. आपलं मशीन राउटरपर्यंत पोचतंय का? राउटरच्या पलीकडे, प्रोव्हायडरच्या जाळ्याबाहेर पोचतंय का? नाव दिलं तर त्याचा आयपी पत्ता मिळतोय का? आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते वेब पान खरंच येतंय का?

पावसाळ्यात हा फरक घरोघरी दिसतो. लाइट जाते, घरातला राउटर इन्व्हर्टरवर असतो, वायफायची रेंज पूर्ण दिसते. पण गल्लीतल्या पेटीत बसवलेल्या स्विचला बॅकअप नसतो. किंवा ड्रेनेजसाठी जेसीबी लावून रस्ता खणलेला असतो आणि फायबर तुटलेली असते. अशा वेळी घरातला राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही, तरी आपण करतोच.

आता आधी पिंगबद्दल, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत हा छोटासा प्रोग्राम लिहिला, तोही नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणूनच. नाव घेतलं सोनारच्या आवाजावरून: आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची. लिनक्सवर पिंगला काही सांगितलं नाही, तर तो कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालूच राहतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये डॅश स्मॉल सी देऊन पॅकेटची संख्या आणि डॅश कॅपिटल डब्ल्यू देऊन किती सेकंद थांबायचं ते सांगावंच लागतं. मॅकवर हाच कॅपिटल डब्ल्यू मिलिसेकंदांत मोजतो. लिनक्सवर नीट चालणारी ‘३’ची मर्यादा तिथे ३ मिलिसेकंद होते आणि धडधाकट नेटही ‘बंद’ दिसतं. कुठून तरी उचललेली ओळ चिकटवण्याआधी मॅन पेज (कमांडचं माहितीपान) उघडा, असं मी सारखं सांगते ते यासाठीच.

पिंगने छापलेला मजकूर ग्रेपने (शब्द शोधणाऱ्या कमांडने) चाळत बसू नका. त्याचा एक्झिट कोड (संपताना शेलला देतो तो आकडा) वाचा. लिनक्सवरच्या नेहमीच्या पिंगमध्ये ० म्हणजे उत्तर आलं, १ म्हणजे उत्तर आलं नाही, २ म्हणजे वेगळीच गडबड, उदाहरणार्थ नावच सापडलं नाही. शेलमध्ये शून्य म्हणजे यश, हे सी किंवा जावा शिकून आलेल्यांना सुरुवातीला खटकतं. आणखी एक: डॉलर-प्रश्नचिन्ह या व्हेरिएबलमध्ये फक्त शेवटच्या कमांडचा कोड असतो. मध्ये एखादा एको (मजकूर छापणारी कमांड) घातलात की तुम्ही एकोचं यश वाचताय. कोड हवा असेल तर लगेच पुढच्याच ओळीत दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा.

पण पिंगवर पूर्ण भरवसा टाकता येत नाही. कित्येक कंपन्यांच्या फायरवॉलमध्ये आयसीएमपी (पिंग ज्यावर चालतं तो प्रोटोकॉल) अडवलेलं असतं. तिथे पिंग मरतं आणि ब्राउझर मजेत चालतो. ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता २००९ पासून आहे, १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा २०१८ पासून; पण दोन्ही मुळात डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या, सेवा आहेत, पिंगला उत्तर देणं हे काही त्यांचं काम नव्हे. म्हणून दोघांनाही विचारायचं आणि एकाने जरी उत्तर दिलं तरी बाहेर जाता येतंय असं मानायचं.

याच्या उलट घोळ हॉस्टेलच्या वायफायवर होतो. तिथे जोडणी होते, आयपी मिळतो, कधी नावंही सुटतात, म्हणजे नावाचा आयपी पत्ता मिळतो. पण कुठलंही पान मागा, समोर लॉगिनची खिडकी, म्हणजे पोर्टल, येते. साध्या तपासणीला वाटतं पान आलं, वेब सर्व्हरचा कोड २००, म्हणजे नेट चालू. यावरचा उपाय तुमचा फोन रोज वापरतो. अँड्रॉइड गूगलच्या एका ठरावीक पत्त्याला साध्या एचटीटीपीवरून विचारतो, आणि त्या पत्त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे रिकामं पान आणि कोड २०४. त्याऐवजी २०० किंवा ३०२ आला, तर मध्ये कोणीतरी बसलंय. पत्त्याच्या शेवटी ‘जनरेट अंडरस्कोअर २०४’ असतं, शोधलं की लगेच सापडेल. इथे मुद्दाम एचटीटीपीच वापरायचं. एचटीटीपीएसवर पोर्टल मध्ये घुसलं तर सर्टिफिकेटची चूक येते आणि निदान आणखी गढूळ होतं. कर्लला (वेब पान मागवणाऱ्या कमांडला) सांगून फक्त स्टेटस कोड छापून घ्या, पान डेव्ह-नलमध्ये (टाकलेलं सगळं नाहीसं करणाऱ्या फाइलमध्ये) टाका आणि मॅक्स-टाइम, म्हणजे थांबायची मर्यादा, द्यायला विसरू नका. ०००  छापलं गेलं तर उत्तरच आलेलं नाही. मग कर्लचा स्वतःचा एक्झिट कोड बघा: ६ म्हणजे नाव सुटलं नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही, २८ म्हणजे वेळ संपली.

आता क्रम. पुस्तकी पद्धतीने खालून वर जावंसं वाटतं: आधी राउटर, मग बाहेर, मग नाव, मग पान. मी उलट सुरू करायला लावते. आधी पानच मागा. २०४ आला तर विषय संपला, बाकी काही तपासू नका, गप्प बाहेर पडा. पोर्टल दिसलं तर तसं लिहून थांबा. उत्तर आलंच नाही, तरच निदानाला लागा आणि तेव्हा खालून वर जा. यामुळे आयसीएमपी अडवलेल्या ऑफिसातही स्क्रिप्ट खोटी बोंब मारत नाही.

निदानाची पहिली पायरी म्हणजे राउटरचा पत्ता. तो स्क्रिप्टमध्ये कोरून ठेवू नका. घरी १९२.१६८.१.१ असेल, ऑफिसात भलताच. ‘आयपी राउट शो डिफॉल्ट’ ही कमांड ‘डिफॉल्ट व्हाया’ असं म्हणून पुढे पत्ता देते, ऑककडून (ओळीतले शब्द वेगळे करणाऱ्या कमांडकडून) तिसरा शब्द उचलायचा. ओळच आली नाही तर मशीनला बाहेरचा रस्ताच माहीत नाही. केबल, वायफाय किंवा डीएचसीपी (आपोआप आयपी देणारी सोय) बघा. काही डोंगलवर मात्र ‘व्हाया’ नसतोच, थेट ‘डेव्ह’ येतं आणि तिसरा शब्द पत्त्याऐवजी इंटरफेसचं नाव निघतो. ही शक्यता तपासणारे फ्रेशर क्वचित भेटतात. भेटले की मी नाव लक्षात ठेवते.

नाव सुटतं का, हे पाहायला बरेच जण डिग वापरतात. डिग सरळ डीएनएस सर्व्हरला विचारतो. मशीनवरची नाव-पत्त्यांची होस्ट्स फाइल त्याच्या खिजगणतीतही नसते. तुमचे बाकीचे प्रोग्राम ज्या वाटेने नाव सोडवतात, त्या वाटेने जायचं असेल तर ‘गेटएन्ट होस्ट्स’ वापरा आणि त्याच्यापुढे टाइमआउट लावा, नाहीतर मेलेल्या डीएनएससमोर स्क्रिप्ट ताटकळत बसते.

हाताने चालवून झालं की क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेत) टाकायचं, आणि हमखास दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं, ‘मॅडम, टर्मिनलवर चालते, क्रॉनमध्ये का नाही?’ क्रॉनला तुमची बॅश-आरसी (शेलच्या सेटिंगची फाइल) माहीत नसते, त्याचा पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) अगदी तोकडा असतो. प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ लिहा. तारखेसाठी क्रॉनटॅबच्या ओळीतच टक्क्याचं चिन्ह वापरलंत तर क्रॉन त्याला नवी ओळ समजतो, म्हणून तारीख स्क्रिप्टच्या आतच काढलेली बरी. स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून आणली असेल, तर ओळीच्या शेवटी चिकटलेल्या अदृश्य अक्षरामुळे ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून रुसते. आणि पहिल्या ओळीत बिन-एसएच लिहून आत बॅशची खास वाक्यरचना वापरू नका. उबंटूवर २००६ पासून एसएच म्हणजे डॅश नावाचं वेगळं शेल आहे. यातल्या स्क्रिप्टमधल्या चुका शेलचेक नावाचं फुकट साधन बऱ्याच अंशी पकडून देतं. ते चालवल्याशिवाय मला स्क्रिप्ट दाखवायला कोणी येत नाही आता.

लॉगमध्ये दर पाच मिनिटांनी ‘चालू, चालू, चालू’ लिहिण्यात काही अर्थ नाही. मागची अवस्था एका छोट्या फाइलमध्ये ठेवा आणि बदल झाला तरच ओळ लिहा: वेळ, आधी काय होतं, आता काय आहे, कुठल्या पायरीवर अडलं. एका हरवलेल्या पॅकेटवर बोंब नको. लागोपाठ दोन-तीन तपासण्या फसल्या तरच ‘बंद’ म्हणा. आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून एफलॉक लावा.

मग हुशार पोरं ईमेल पाठवायची सोय करतात. नेट बंद असताना ईमेल जाणार कुठून? आतून तपासणारी स्क्रिप्ट फक्त स्थानिक लॉग लिहू शकते, किंवा नेट परत आल्यावर मागचा हिशेब पाठवू शकते. लगेच कळायला हवं असेल तर उलटी रचना लागते: इथल्या मशीनने बाहेरच्या सर्व्हरला ठरावीक वेळाने ‘आहे’ असं कळवायचं, आणि निरोप आला नाही की बाहेरच्याने ओरडायचं.

चाचणी करताना फक्त केबल काढून समाधान मानू नका, कारण त्याने एकच पायरी तपासली जाते. व्हर्च्युअल मशीनमध्ये डिफॉल्ट रूट उडवा, चुकीचा डीएनएस द्या, आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) आयसीएमपी अडवा, आणि प्रत्येक वेळी स्क्रिप्ट योग्य पायरीचं नाव घेते का ते पाहा. एसएसएचवरून दूरच्या सर्व्हरवर बसून मात्र रूट उडवू नका. मग कोणीतरी उठून डेटा सेंटरला जातं.

एवढं झाल्यावर एक शेवटचा बदल करून घेते: एक्झिट कोड नागिओस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या पद्धतीने द्या. तिथे ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे कळलं नाही. पोर्टलने अडवलं तर १, बाहेरचा रस्ता बंद तर २, आणि स्क्रिप्टला कर्लच सापडला नाही तर ३. मग हीच फाइल प्लगइन म्हणून मॉनिटरिंगमध्ये बसवता येते. मुलाखतीत ‘युजर म्हणतोय नेट चालत नाही, काय बघाल?’ हा प्रश्न सपोर्टच्या जागेसाठी फार वेळा येतो. ज्यांनी या चार पायऱ्या स्वतः लिहिल्यात, ते ‘आधी पिंग करीन’ म्हणून थांबत नाहीत. समोरच्यालाच विचारतात, ‘राउटरपर्यंत जातंय का? की नाव सुटत नाहीये?’